तिसऱ्या केसचं उत्तर

४ मार्च

ताई,

"तू त्या दिवशी नक्की काय पाहिलंस गं?" ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू मला विचारलंस. त्याला आज सात आठवडे झाले. तेव्हा मी तुझ्या पलंगाशेजारचा स्वच्छ पेला पुन्हा एकदा विसळून आणला आणि म्हणाले, "आधी बरी हो, मग बोलू." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

फोन केला की आई म्हणते, "ताई झोपली आहे." सकाळी दहाला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली, आणि मागे तुझं शिलाई मशीन खडखडत असतं. आईला जन्मात एक खोटं धड बोलता आलं नाही. मला येतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र निदान न वाचता उशाखाली सारता येतं.

इकडे सगळं ठीक आहे. प्रसूतिगृहात सोनोग्राफीच्या खोलीत माझी नेमणूक कायम झाली. दाराला नवा हिरवा पडदा लावला आहे. खोलीबाहेर बायकांची रांग असते. तपासणी झाली की प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, "सगळं बरं आहे ना?" तूही तोच विचारला होतास.

तुझ्या तपासणीबद्दल सांगायचं तर आमचं मशीन जुनं आहे, चित्र अंधूक येतं. काही गोष्टी शेवटपर्यंत कुणालाच दिसत नाहीत, असं डॉक्टरही म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. वाकून कामं करू नकोस, टाके अजून ओले असतील.

तुझी
धाकटी


१२ मार्च

ताई,

मागच्या पत्रातली दोन वाक्यं खोडून टाक. मशीन जुनं नाही. खोक्यातून काढून दीड वर्षसुद्धा झालेलं नाही. आणि डॉक्टर तसं काहीही म्हणाले नाहीत. पत्र पेटीत टाकून परत येताना मला इतकी लाज वाटली की मी पुन्हा पेटीपाशी जाऊन उभी राहिले. पण पेटीत हात जात नाही.

आज तुला मावशीबद्दल सांगते. नाव तू ऐकलं आहेस, पण ती कोण ते मी कधी नीट सांगितलं नाही. आमच्या प्रशिक्षण केंद्रात एका टेबलावर प्लास्टिकचं पोट ठेवलेलं आहे. डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत. छातीच्या खालपासून मांड्यांपर्यंतचं नुसतं धड. त्याला सिम्युलेटर म्हणतात. आम्ही मावशी म्हणायचो. मावशीच्या आत काहीच नाही. पोटावर प्रोब फिरवला की शेजारचा संगणक पडद्यावर बाळ दाखवतो, अगदी खरं, हलणारं. संगणकात अशा वीस केसेस भरलेल्या आहेत. एक नंबर दाबला की मावशी पाच महिन्यांची, दुसरा दाबला की आठ महिन्यांची, आणखी एक दाबला की जुळी. आमच्या तुकडीतली चष्मेवाली म्हणायची, "काय बाई आहे! सकाळपासून अकरा वेळा दिवस गेले, पण एकदा म्हणून उलटी नाही."

हसू नकोस. हसलीस तर हस. मला तुझं हसू ऐकायचं आहे.

हे प्रशिक्षण मी हट्टाने घेतलं. पूर्वी नवख्या मुली खऱ्या बायकांच्या पोटावर शिकायच्या. बाई अर्धा अर्धा तास पाय आखडून पडलेली, आणि कुणी तिला सांगत नसे की हा हात शिकाऊ आहे. मावशीवर हजार चुका करा, कुणाचं काही जात नाही. माझा या गोष्टीवर विश्वास होता. अजूनही आहे, हे लिहिताना मान खाली जाते, पण आहे.

प्रोब बरोबर जागी टेकला की पडद्याभोवती हिरवी चौकट उजळते. बारा चित्रं घ्यायची, बारा हिरव्या चौकटी. मग अहवाल भरायचा: बाळ कसं आहे, पाणी किती आहे, बाळाला पोसणारी वार कुठे चिकटली आहे. आम्हाला शिकवणाऱ्या मोठ्या बाई ओरडायच्या, "पोरींनो, चौकटीकडे काय बघता? पोटात बघा! खऱ्या बाईच्या पोटावर दिवे लागत नाहीत." आम्ही माना डोलवायचो आणि पुन्हा चौकटीकडे बघायचो.

परीक्षेत मला शंभरात शहाण्णव मिळाले. केंद्र सुरू झाल्यापासून सगळ्यांत जास्त. फोनवर तू इतक्या जोरात ओरडलीस की शेजारच्या खाटेवरची मुलगी दचकून उठली. आपल्या घरात साधा अर्ज भरून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं, आणि आता घरात पदवी, वर हे प्रमाणपत्र. तू म्हणालीस, "पाठांतर कुणी घेतलं होतं? मी!"

खरंच आहे. पुस्तकातली इंग्रजी तुला वाचता येत नव्हती, तरी पुस्तक मांडीवर उघडून माझ्यासमोर बसायचीस आणि मी अडखळायच्या आत म्हणायचीस, "इथे चुकलीस." कसं कळतं विचारलं तर म्हणालीस, "चुकायच्या वेळी तू डोळे वर नेतेस."

शहाण्णव कसे मिळाले ते आज लिहिणार होते. पत्र इथेच बंद करते.

धाकटी


२४ मार्च

ताई,

काल आईने शेजारच्यांच्या फोनवरून मला फोन केला. हळू आवाजात. म्हणाली, "तुझी ताई परवा माझ्या कुशीत शिरून विचारत होती, मीच मारलं का गं तिला? मी काय सांगू? तू शिकलेली, तू सांग." मग म्हणाली, "जावई एकदाच येऊन गेले. दारातूनच. सासूबाई म्हणतात, राहू दे तिला तिकडेच, पोटात लेकरू असताना स्टुलावर चढणारीचं काय करायचं."

मी आईला म्हणाले, "सांगते." आणि फोन ठेवला.

आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

मावशीच्या वीस केसेस मला पाठ होत्या. नुसत्या मलाच नाही. मी वही केली होती. पहिल्या आठवड्यात सगळ्याच जणी रडकुंडीला आलेल्या, हिरवी चौकट काही केल्या लागेना. मग मी प्रत्येक केससाठी लिहून काढलं: बेंबीपासून चार बोटं खाली, प्रोब डावीकडे झुकव, थांब, चित्र चार. बेंबीच्या उजवीकडे तीन बोटं, सरळ, चित्र पाच. आणि पानाच्या तळाशी उत्तर. अहवालात काय लिहायचं ते. पुढे पुढे पडद्यावर पहिलं चित्र उमटलं की मी नंबर ओळखायचे आणि हात आपोआप फिरायचा. मैत्रिणींनी वहीच्या प्रती काढल्या. मी त्याला मदत म्हणत होते. सगळ्या पास झाल्या तेव्हा मला वाटलं, मी किती चांगली आहे.

अहवालाच्या कागदावर एक चौकोन असतो: "नीट दिसलं नाही, पुन्हा तपासावं." परीक्षेत त्यावर खूण केली की शून्य गुण. त्यामुळे आम्ही कुणीच त्यावर कधी खूण केली नाही. माझ्या वहीत तर तो चौकोन काढलेलाच नव्हता.

डिसेंबरात तू दोन दिवसांसाठी माझ्याकडे आलीस. सातवा सरला होता. तुमच्याकडच्या दवाखान्यात पुढच्या आठवड्यात तुझी तपासणी ठरलेली होती. मीच म्हणाले, "कशाला तासन् तास रांगेत उभी राहतेस? मी आहे ना." तू म्हणालीस, "डॉक्टरांना राग नाही ना येणार?" मी म्हणाले, "मला शहाण्णव आहेत."

ते वाक्य मला झोपेत ऐकू येतं.

दुपारी खोली रिकामी होती. टेबलावर चढायच्या आधी तू म्हणालीस, "थांब हं, आधी जाऊन येते, नाहीतर तुझ्या चादरीचं काही खरं नाही." आपण दोघी हसलो. ताई, तिथेच मी तुला थांबवायला हवं होतं. लघवीची पिशवी भरलेली असली की तिच्यातून गर्भाशयाचं तोंड नीट दिसतं. रिकामी असली की तो भाग धुक्यात जातो. मग बाईला दोन पेले पाणी पाजायचं, बाहेर बसवायचं, पुन्हा बघायचं, आणि तरी दिसलं नाही तर मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं. पुस्तकात आहे. मला तोंडपाठ आहे. पण मावशीची पिशवी नेहमी भरलेलीच असते. मावशी कधी उठून जात नाही. माझ्या हाताला हे कधी करावंच लागलं नव्हतं.

प्रोब ठेवला आणि बाळ दिसलं. डोकं वर, पाठ डावीकडे. मला वाटलं, अरे, ही तर तिसरी केस. हात सुटला. बेंबीपासून चार बोटं, डावीकडे, थांब. तू विचारत होतीस, "हे काय? हे नाक का?" मी तुला नाक दाखवलं, बोटं दाखवली. तू डोळे पुसलेस. खालच्या भागाचं चित्र घेतलं तेव्हा पडद्यावर नुसती राख होती. मी बटण दाबलं आणि पुढे गेले. मग कागदावर लिहिलं: "वार वरच्या बाजूस, गर्भाशयाच्या तोंडापासून दूर."

हे तिसऱ्या केसचं उत्तर आहे. मी मावशीचा अहवाल तुझ्या नावावर लिहिला.

तू विचारलंस, "सगळं बरं आहे ना?" मी म्हणाले, "एकदम." डोळे वर नेले होते का मी? तू त्या दिवशी पडद्यापेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त बघत होतीस. कधी कधी वाटतं, तुला तेव्हाच कळलं होतं आणि तू माझ्यावर शंका घ्यायला लाजलीस.

तुझी वार खाली होती. बाळाच्या वाटेवर आडवी. ती मला दिसली असती, किंवा "दिसलं नाही" एवढं जरी मी लिहिलं असतं, तर तुझी पुन्हा तपासणी झाली असती. तुला दवाखान्याजवळ आणून ठेवलं असतं आणि दिवस ठरवून ऑपरेशन झालं असतं. तू दवाखान्यापासून दीड तासावर नसतीस.

स्टूल मध्ये येतच नाही, ताई. माळ्यावरचा डबा काढायला तू चढलीस आणि त्याच सकाळी रक्त गेलं, एवढंच. तू दिवसभर पडून राहिली असतीस तरी ते कधीतरी जाणारच होतं. तू काहीही केलेलं नाहीस.

आणि आता जे सगळ्यांत वाईट आहे ते. तुला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर तुझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "स्टुलावर चढली म्हणूनच झालं ना हे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई, भाऊजी, सगळे. घरातली एकटी शिकलेली मी. मी म्हणाले, "हो, होतं तसं कधी कधी."

त्या पाच शब्दांवर घराने तुझा निकाल लावला. नंतर नर्सने तुझी फाइल मागितली, तेव्हा मी देण्याआधी त्यातून माझ्या सहीचा अहवाल काढून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांनी विचारलं, "सातव्या महिन्यानंतर सोनोग्राफी नाही केली?" मी म्हणाले, "राहून गेली वाटतं." म्हणजे तोही ठपका तुझ्यावरच.

तुझी मुलगी मी पाहिली. तुला दाखवायच्या आधी नर्सने माझ्या हातात दिली होती. तिचं नाक पडद्यावर दिसलं होतं तसंच होतं. एवढंच एक मी बरोबर सांगितलं होतं.


१६ एप्रिल

ताई,

२४ मार्चचं पत्र मी टाकलं नव्हतं. आज दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. आधी ते वाच, मग हे.

तेरा दिवस ते माझ्या एप्रनच्या खिशात होतं. रोज वाटायचं, ताईला एकदा कळलं की झालं, बाकीच्यांना सांगायचं की नाही ते ती ठरवेल. हा विचार मला फार मोठ्या मनाचा वाटत होता. चौदाव्या दिवशी एका बाईच्या पोटावर प्रोब ठेवला, खालचा भाग दिसेना, आणि मी तिला म्हणाले, "बाई, दोन पेले पाणी प्या आणि बाहेर बसा." ती वैतागली. "मागच्या वेळी दुसऱ्या मॅडमनी तर पाच मिनिटांत केलं होतं!" दुसऱ्या मॅडम म्हणजे चष्मेवाली. तिच्याकडे माझ्या वहीची प्रत आहे. मी तिथेच प्रोब खाली ठेवला, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्या बाईला त्यांच्याकडे सोपवलं. त्यानंतर मी कुणालाही तपासलेलं नाही.

त्याच दुपारी वही घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. तुझा अहवालही नेला. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मला वाटलं, फेकून मारतील. त्या म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे." मग विचारलं, "किती जणींकडे आहे?"

"तीन तुकड्यांकडे."

"म्हणजे मी सहा महिने पोपट पास करत होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि दिसलं नाही म्हणणाऱ्या पोरीला शून्य द्यायचं हे मीच ठरवलेलं आहे. ते मी भोगीन. तुझं तू लिहून दे."

मी सगळं लिहून दिलं, सही केली. कागद काढून घेतल्याचंही लिहिलं. माझं प्रमाणपत्र परत घेतलं आहे. चौकशी होईल, नोकरी राहील की नाही सांगता येत नाही. सध्या मला वॉर्डात चादरी मोजायला बसवलं आहे. प्रमाणपत्र मिळाल्यापासून डॉक्टर नसताना मी एकटीने एकेचाळीस बायकांना तपासलं होतं. ज्यांचं बाळंतपण व्हायचं आहे त्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं आहे. तिघी अजून आलेल्या नाहीत. त्यांचे पत्ते मी मागून घेतले आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दारात जाते. एकीच्या नवऱ्याने विचारलं, "तुम्हीच म्हणाला होता ना सगळं बरं आहे?" मी म्हणाले, "हो. मला ते माहीत नव्हतं."

काल मी तुझ्या सासरी गेले होते.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "ये. एकटीच? बरं केलंस." भाऊजी आतून आले आणि दाराशी उभे राहिले. मी पाणीसुद्धा न घेता सांगायला लागले, कारण पाणी प्यायले असते तर धीर गेला असता. वही, मावशी, तुझी तपासणी, तिसरी केस, बाकावरचं माझं वाक्य, फाइलीतला कागद. अहवालाची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि सही दाखवली.

सासूबाईंनी घडी अर्धवट ठेवली. "म्हणजे स्टुलाचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग तेव्हा हो कशाला म्हणालीस?"

"घाबरले."

"आम्ही अडाणी माणसं. तू म्हणालीस म्हणून आम्ही धरून बसलो." त्यांचा आवाज चढला. "तुझ्या सख्ख्या बहिणीला गं! परकीसुद्धा असं करणार नाही."

मी म्हणाले, "हो."

भाऊजींनी अहवालाची प्रत उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडीत दीड तास मी तिला तेच म्हणत होतो. कशाला चढलीस, कशाला चढलीस. ती एकदाही उलटून बोलली नाही. नुसती माझा हात धरून होती."

सासूबाई म्हणाल्या, "तू आता जा. तुझं तोंड बघवत नाही."

मी उठले. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फाटकाबाहेर आले तेव्हा भाऊजी आत सासूबाईंना विचारत होते, पहिली गाडी किती वाजता असते म्हणून. ते तुझ्याकडे येतील. तू त्यांच्याबरोबर जायचं की त्यांना दारातूनच परत पाठवायचं, हे मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही.

तिथून मी आपल्या घरी गेले नाही. आईला फोन केला आणि तू शेजारी बसलेली नाहीस ना, एवढं विचारून तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी जगाला सांगत फिरते, माझी लेक खोटं बोलत नाही."

माफी मागायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही कागद फाडले. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मला आता तुझ्याकडून काहीही काढून घ्यायचं नाही.

आता राहिलं एकच, की हे सगळं मी तुला न विचारता केलं. तुझी गोष्ट होती, आधी तुझ्या कानावर घालायला हवी होती. पण मी तुला ओळखते. तू म्हणाली असतीस, "राहू दे गं, झालं ते झालं, तुझी नोकरी जाईल, मी सोसते." आणि ताई, तेरा दिवस पत्र खिशात ठेवून मी याच वाक्याची वाट बघत होते. म्हणून तुला ते म्हणायची संधीच दिली नाही. आधी सगळ्यांना सांगून आले आणि मग हे लिहायला बसले.

धाकटी